साओ पावलो समजून घ्यायचं तर आधी बाजाराला जा

ब्राझीलमधल्या साओ पावलोत नवीन आलेलं कुणी मराठी माणूस भेटलं की पहिला प्रश्न असतो, शहर बघायला सुरुवात कुठून करू? मी सांगते, पिशवी घ्या आणि घराजवळचा फेइरा शोधा.

फेइरा म्हणजे आपला आठवडे बाजार. सोमवार सोडला तर रोज शहरात कुठे ना कुठे भरतोच. रस्ता ठरलेला, वार ठरलेला. आमच्या गल्लीत गुरुवारी असतो. पहिलं वर्षभर मी सगळी भाजी सुपरमार्केटमधूनच आणली आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना नुसती मान हलवली. मग शेजारच्या आजी एका गुरुवारी दारात आल्या, हातात दोन चाकांची ट्रॉली. त्या दिवसापासून हे शहर मला आपलं वाटायला लागलं.

सकाळी नऊच्या सुमारास जा. ताजा माल असतो आणि विक्रेत्यांना बोलायला सवड असते. ते तुम्हाला ‘फ्रेगेझा’ म्हणतील, म्हणजे गिऱ्हाईक, पुरुषाला ‘फ्रेगेस’. कापलेल्या फळाची फोड पुढे करतील, ती घ्या. नको म्हटलेलं त्यांना बरं वाटत नाही. बरीच भाजी ‘बासिया’वर मिळते. बासिया म्हणजे घमेलं. आपल्याकडे वाटा लावतात तसंच, एका घमेल्याचा एक भाव.

इथल्या पोर्तुगीज भाषेला घाबरू नका. बटाटा इथेही ‘बताता’च आहे. पण आपला कोबी ज्या ‘कोव्ही’वरून आला, ती मागितलीत तर गर्द हिरव्या पानांची जुडी मिळेल, गड्डा हवा तर ‘हेपोल्यू’ म्हणा. ‘पेरा’ म्हटलंत तर नाशपती येईल, पेरूला इथे ‘गोयाबा’ म्हणतात. आणि अननसाला ‘आबाकाशी’.

आता मुख्य गोष्ट. खरेदी झाली की पास्तेलच्या गाडीपाशी थांबा. पातळ लाटलेली, वहीच्या पानाएवढी चौकोनी पारी, आत सारण, कडकडीत तेलात तळलेली. फुगून तिला फोड येतात. शाकाहारी असाल तर ‘केझू’, म्हणजे चीज, किंवा ‘पाल्मितू’, म्हणजे ताडासारख्या झाडाचा कोवळा गाभा. आल्या आल्या मोठा घास घेऊ नका, वाफेनं जीभ पोळते. एक कोपरा तोडा, वाफ जाऊ द्या, मग त्या भोकातून चमच्यानं कांदा-टोमॅटोचं आंबट ‘व्हिनाग्रेची’ आत सोडा. सोबत ऊसाचा रस, लिंबू पिळून. मी कोल्हापूरची. पहिल्यांदा चरकाचा आवाज ऐकला तेव्हा रस्त्यातच उभी राहिले, डोळे भरून आले. ग्लास संपत आला की ‘शोरीन्यू’ मागा. शब्दशः अर्थ ‘छोटंसं रडणं’. मिळतो भांड्यात उरलेला वरचा घोटभर रस. न लाजता मागा, तो हक्काचा असतो.

हे खाताना आजूबाजूला बघा. पास्तेल घराघरांत पोहोचवलं ते जपानी स्थलांतरितांनी. त्यांचं पहिलं जहाज, कासातो मारू, 18 जून 1908 रोजी जवळच्या सांतोस बंदराला लागलं. माणसं आली होती कॉफीच्या मळ्यांत राबायला. शेजारच्या तव्यावर तापिओका, म्हणजे कसाव्याच्या, साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याच्या, पिठाची घावनासारखी पोळी, बहुतेक ईशान्य ब्राझीलमधून पोटासाठी आलेल्या घरातली बाई करत असते. आमच्या आजींचे वडील इटलीहून आले होते. इथे ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न कुणी टोचून विचारत नाही, कारण जवळजवळ प्रत्येकाकडे सांगायला एक गाव असतं. म्हणूनच मी आधी फेइऱ्याला जा म्हणते. या शहराची ओळख मला कुठल्याच इमारतीत इतकी स्पष्ट दिसलेली नाही.

इमारती बघायच्याच असतील तर रविवारी पावलिस्ता अव्हेन्यूला जा. त्या दिवशी तिथे गाड्या बंद असतात. वास्तुकार लीना बो बार्दी यांनी रचलेल्या मास्प या कलासंग्रहालयाखाली 74 मीटरची मोकळी जागा आहे, मध्ये एकही खांब नाही. तिथं सावलीत बसून लोक बघत राहा.

पैसे जपून वापरायचे असतील तर फेइऱ्याला दुपारी बारानंतर जा. उठता बाजार म्हणजे ‘शेपा’. भाव उतरतात, दोन घमेल्यांच्या जागी तीन मिळतात. फक्त फार रेंगाळू नका. दुकानं उठली की रस्ता धुवायला पाण्याचा ट्रक येतो आणि माशांच्या गाळ्याकडून पाणी उतारानं सरळ पायांवर येतं. चपला नकोत, बूट घाला.