कमी तेलात कांदा करपतो, तरी कच्चा राहतो: माझा अनुभव

भाजीचं तेल ३ मोठ्या चमच्यांवरून १ छोट्या चमच्यावर (५ मिली) आणलं आणि कांदा बिनसला. बुडाला चिकटायचा, कडा काळ्या, मध्ये कच्चा. सगळी भाजी कडवट. आच मंद केली तर अर्ध्या तासानेही पांढराच. नॉनस्टिक भांड्यात चिकटला नाही, पण नुसता वाळला. दोन आठवडे वैतागून जेवलो.

चूक क्रमात होती. कांद्यातलं पाणी आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, रंग धरत नाही. तेल तेव्हाच घालून उपयोग नाही.

आता २ मध्यम कांदे एकसारखे बारीक चिरतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात कांदा, पाव छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे पाणी, तेल नाही. झाकण ठेवून मध्यम आचेवर ७ मिनिटं. झाकण काढून पाणी पूर्ण आटवतो, चरचर आवाज आला की अर्धं तेल. बुडाला तपकिरी थर दिसला की लगेच १ मोठा चमचा पाणी आणि चपट्या लाकडी उलथन्याने खरवडणं. तो थर म्हणजेच चव. काळा होऊ द्यायचा नाही. असं तीन-चारदा.

शेवटी कांदा बाजूला सारून मधोमध उरलेलं तेल, आच मंद, त्यात मसाला २० सेकंद. मसाल्याचा वास पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणून हे तेल राखून ठेवायचं. एकूण वेळ साधारण २० मिनिटं.