सहलीची चटई घरी शिवताना

वर जाडसर सुती कापड, खाली पाणी न शोषणारं नायलॉन. दीड मीटर चौरस घेतलंत तर तीन-चार जण व्यवस्थित बसतात. सुती कापड कापण्याआधी धुऊन वाळवा. ते नंतर आटलं, तर नायलॉन आटत नसल्यामुळे चटईला कायमच्या चुण्या पडतील.

खरी काळजी नायलॉनची. टाचणीचं भोक त्यात बुजत नाही आणि तिथूनच ओल वर येते, म्हणून टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावा. मशीनला ९० नंबरची सुई, टाका ३ ते ३.५ मिमी. बारीक टाका घातला तर भोकांची रांग होऊन कापड तिथेच फाटतं. शिवताना सुती बाजू वर ठेवा. नायलॉनची पाणी अडवणारा लेप दिलेली बाजू वर आली तर मशीनच्या पायाला चिकटते. तरी अडलंच, तर कापड आणि मशीन यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी घाला, टीप झाल्यावर ती सहज फाडता येते.

दोन्ही सुलट बाजू आतल्या बाजूला घेऊन कडेने टीप मारा, वीसेक सेंटीमीटर जागा उलटवायला सोडा. गुंडाळून बांधायची नाडी आणि कोपऱ्यांतले फास (वाऱ्यात खुंट्या ठोकायला फार उपयोगी!) याच टिपेत अडकवा. उलटवल्यावर कडेने दाबटीप (वरून दिसणारी टीप) मारली की सोडलेली जागाही बंद होते. मधोमध मात्र शोभेची शिवण अजिबात नको, तिथूनही पाणी झिरपतं. इस्त्री फक्त सुती बाजूने, कोमट.