अजिंठा-वेरूळ बघायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती वाराची चूक. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. जोडून सुट्टी आली की मंडळी रविवारी वेरूळ करतात आणि सोमवारी अजिंठ्याहून हात हलवत परततात. क्रम फिरवा: रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ.

दोन्ही एका दिवसात उरकू नका. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किलोमीटर, अजिंठा १०० च्या आसपास, आणि रस्तेही वेगळे. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूर टी-पॉइंटला ती लावायची, तिथून सुमारे ४ किलोमीटर बसने, मग पायऱ्या. गर्दीच्या दिवशी यासाठी तासभर वेगळा धरा.

आता खरी चूक. भर उन्हातून लोक पहिल्या लेण्यात शिरतात, दोन मिनिटं अंधारात बघतात, "काही दिसतच नाही" म्हणून बाहेर पडतात. चित्रं तिथेच असतात, डोळे तयार नसतात. आत जाऊन ५ ते १० मिनिटं शांत उभे राहा आणि मोबाइल खिशातच ठेवा. स्क्रीनकडे एकदा पाहिलं तरी अंधाराला सरावलेली नजर पुन्हा बिघडते. मग गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी (कमळ हातात घेतलेला बोधिसत्त्व) हळूहळू उमटू लागतो: आधी मुकुट, मग झुकलेली नजर, मग हातातलं निळं कमळ. भिंतीला नाक लावून फक्त डाग दिसतात. चार पावलं मागे सरका.

फ्लॅश आणि हात, दोन्ही आवरा. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. रंग भिंतीत मुरलेला नाही, वरच बसलाय. बोट लागलं तरी त्याची खपली निघू शकते. मुलांना हे आत शिरण्याआधीच समजावून सांगा.

लेण्यांचे क्रमांक वाटेनुसार आहेत, काळानुसार नाहीत. सर्वांत जुन्यांतली ९ आणि १०. पहिलं त्यांच्यानंतर काही शतकांनी झालेलं. ओळीने ती सगळी बघत गेलं की २६ पर्यंत पाय बोलू लागतात आणि तिथली महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या अंतिम क्षणाची, भव्य आडवी मूर्ती घाईत उरकली जाते. चित्रांसाठी १, २, १६, १७ आणि शिल्पांसाठी १९, २६ एवढी नीट बघा. वेळ उरला तर बाकीची. चित्रांच्या लेण्यांत चप्पल काढावी लागते, म्हणून नाडीचे बूट नकोत. उन्हाळ्यात दगड तापतो, मोजे घाला. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं येतातच.

वेरूळला लोक कैलास मंदिर (लेणे १६) बघून परत फिरतात, आणि तोही समोरूनच. प्रदक्षिणा घाला. आत शिरल्यावर उजव्या अंगाला, खालच्या सावलीत, कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचं शिल्प आहे. बरेच जण त्याच्या शेजारून निघून जातात. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन येतं, फोटो तेव्हा काढा. दहाव्या लेण्यात मान वर करून छताच्या दगडी फासळ्या बघा, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल आहे. जैन लेणी (३० ते ३४) बरीच लांब आहेत. दिवसाच्या शेवटी दमलेल्या पायांनी तिथे जाणं होत नाही, म्हणून सकाळी सुरुवातच तिथून करा. इंद्रसभेत (३२) वरच्या मजल्यावर चढायला विसरू नका.