पानं तोडायला निघण्याआधी: भक्षक कोळ्यांच्या पाहणीची तयारी

पहिलं काम म्हणजे बागमालकाकडून फवारणीची वही मागून घ्यायची. गेल्या दीड-दोन महिन्यांत काय मारलं आणि कधी मारलं, हे कळल्याशिवाय पानांवरचे कोळी मोजण्यात अर्थ नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक पडलं असेल तर भक्षक कोळी (पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांना खाणारे सूक्ष्म कोळी, म्हणजे माइट) बहुधा गेलेले असतात आणि पानामागे नुसते लाल कोळी माजलेले दिसतात. मग आपण बाग नाही, औषधाचा परिणाम मोजून येतो. त्याच फोनवर दुसरा निरोप द्या: आम्ही येईपर्यंत बांधावरचं तण काढू नका, त्यावरचे कोळीही बघायचे आहेत. पाहणीला माणसं येणार म्हटलं की मालक हौसेनं सगळं साफ करून ठेवतात आणि निम्मी पाहणी तिथेच संपते.

सामान फार लागत नाही. दहापट भिंग चालतं, वीसपट मिळालं तर उत्तम. प्राणी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, बऱ्याचदा त्याहून लहान. चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश, 70 टक्के अल्कोहोल भरलेल्या छोट्या बाटल्या आणि फांदी झटकून खाली धरायला काळा पुठ्ठा घ्या. फिकट रंगाचे कोळी पांढऱ्यावर हरवतात, काळ्यावर पळताना दिसतात. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि संध्याकाळी हातात दहा निळ्या बाटल्या उरतात.

पिशव्यांचं मात्र नीट ठरवून निघा. पानं आधी कागदी पिशवीत, ती प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला चिकटून नाही. एकदा डबा विसरलो म्हणून मी नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या गाडीत मागच्या सीटवर ठेवल्या होत्या. दोन तासांनी उघडल्या तर पानं उकडल्यासारखी झालेली, तळाशी पाणी साचलेलं आणि त्यात बुडालेले कोळी. अख्खा दिवस वाया. थंडीत कोळी मंदावतात, पान सोडून पळत नाहीत. पानंही एक-दोन दिवस तग धरतात. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर सरळ अल्कोहोलमध्ये घाला.

आता बांधावरच्या झाडांची यादी, आणि ही घरी बसूनच करा, कारण तिथे गेल्यावर जे हाताला लागेल तेच तोडलं जातं. निवडताना दोन गोष्टी बघा. पानाच्या मागे शिरांच्या बेचक्यात केसांचे झुपके किंवा बारीक खळगे आहेत का? भक्षक कोळ्यांना ते घरासारखे. तिथेच लपतात, तिथेच अंडी घालतात. आणि दुसरं, झाड परागकण देतं का? कारण सगळेच भक्षक निव्वळ मांसाहारी नसतात. फायटोसिउलस पर्सिमिलिस ही भक्षक जात जाळी विणणाऱ्या लाल कोळ्यांवाचून जगत नाही, पण युसियस गटातले भक्षक कोळी परागकणांवर पिल्लं वाढवतात; प्रयोगशाळेत त्यांना एरंडाचे परागकण खाऊ घालतात. म्हणून फुलावर आलेला एरंड आणि पाणथळ जागेतलं पाणकणीस यादीत हवंच. पाणकणसाचे पराग वाऱ्यावर उडून शेजारच्या पानांवर बसतात, तेव्हा ती पानंही घ्या. ज्या झुडपाचं नाव येत नाही त्याची फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून आणा.

बागेत मी दहा झाडं, प्रत्येकी पाच पानं असं धरतो. शेंड्याची कोवळी सोडून आतली जून पानं. बांधावरही आकडा तोच, नाहीतर तुलना होत नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात जाणार असाल तर पानं विसरा, माद्या सालीच्या भेगांत दडलेल्या असतात. पानगळीआधी खोडाला जाड कापडाची पट्टी बांधून ठेवायला सांगा, म्हणजे माद्या तिच्यात सापडतील.

भिंगाखाली ओळख पटवायचा सराव आधी करून घ्या. लाल कोळी आपल्या जाळ्यात बसून राहतो, भक्षक मात्र थेंबासारखा, चकचकीत, आणि ब्रश टेकवताच मुख्य शिरेकडे सुसाट धावतो. नुकतंच जेवण झालं असेल तर पोटात खाल्लेल्याचाच रंग दिसतो. अंड्यांत घोटाळा नको: लाल कोळ्याचं गोल, भक्षकाचं लांबट आणि जरा मोठं.

जात मात्र भिंगावर कळत नाही. त्यासाठी प्रौढ मादीची स्लाइड लागते. पाठीवरच्या केसांची जागा आणि लांबी, आणि शुक्राणुकोशाचा (मादीच्या पोटातली शुक्राणू साठवायची पिशवी) आकार बघावा लागतो. होयरच्या माध्यमात (नमुना काचेवर बसवायच्या द्रावणात) चढवलेली स्लाइड वाळायला ओव्हनमध्ये साधारण आठवडा जातो, म्हणून ओव्हन आणि स्लाइड वाचणारा जाणकार, दोघांचीही वेळ निघण्याआधीच घेऊन ठेवा. एरंडावर भक्षक दिसले, बागेतही दिसले, म्हणून बांधावरून बागेत आले असं लिहायची घाई होते. दोन्हीकडच्या जाती अगदी वेगळ्या निघू शकतात. स्लाइडचा निकाल येईपर्यंत वहीत ‘भक्षक कोळी, जात ठरायची आहे’ एवढंच लिहा, आणि शेजारी झाडाचं नाव.