घरात कुत्रा आहे आणि आता मांजर आणायचंय? मग असं करा

पावसाळा सुरू झाला की पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरखाली मांजरीचं पिल्लू सापडतंच, आणि ते उचलणाऱ्याच्या घरी नेमका कुत्रा असतो. मग पिल्लू थेट हॉलमध्ये आणायचं, कुत्र्याच्या नाकासमोर धरायचं आणि "बघ बघ, तुझा छोटा भाऊ आला" म्हणत मोबाईल काढायचा. पिल्लू जिवाच्या आकांताने ओरबाडतं, कुत्र्याच्या नाकाला नख लागतं आणि दोघांच्याही डोक्यात पक्कं बसतं की समोरचा म्हणजे संकट. हे एकदा बसलं की निघायला महिने जातात. त्यामुळे क्रम पाळायचा: आधी वास, मग नजर, आणि एका खोलीत सोडणं सगळ्यात शेवटी.

१. घरी नेण्याआधी डॉक्टर

रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा आणि पोटात जंत असतात असंच धरून चाला. कानात काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी घाण दिसली तर कानात किडे असू शकतात आणि ते कुत्र्यालाही लागतात. जंताचं औषध डॉक्टर वजनावर ठरवतात. मांजरांची लस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. कुत्र्याचं लसीचं कार्डही त्याच दिवशी काढून बघा, बऱ्याच जणांचं वार्षिक रेबीज राहून गेलेलं असतं.

आणि पिल्लाने तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं, तर हळद लावून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा.

२. एक खोली मांजराची

वन बीएचके असेल तर बेडरूम द्या, थोडे दिवस कुत्र्याची आणि तुमची गैरसोय होईल, होऊ दे. आत लिटरचा ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखं लिटर भरलेला), त्याच्यापासून लांब खाणं-पाणी, आणि एक रिकामं खोकं आडवं टाकून. गॅलरी असेल तर जाळी मारल्याशिवाय तिचं दार उघडायचं नाही, कबुतरामागे उडी मारताना मांजर मजला मोजत नाही.

पहिले एक-दोन दिवस ते पलंगाखालून निघणार नाही, त्याला ओढून काढू नका. तुम्ही नुसतं जमिनीवर बसा, फोन बघा. त्याने तुमच्याकडे बघून डोळे हळूच मिटले-उघडले तर तुम्हीही तसंच करा, मांजरांमध्ये हा विश्वासाचा इशारा असतो. लपून बसणं ठीक, पण खाणंच बंद केलं तर मात्र थांबायचं नाही. मोठं मांजर दिवसभर उपाशी राहिलं की डॉक्टरला फोन करायचा आणि लहान पिल्लू असेल तर त्याच्याही आधी.

३. वासाची ओळख

एक जुना टीशर्ट किंवा फडकं घ्या, मांजराच्या गालांवरून फिरवा (तिथे वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून तर ती टेबलाच्या पायाला गाल घासत बसतात) आणि ते कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्याशेजारी ठेवा. कुत्र्याची चादर तशीच मांजराच्या खोलीत. पहिल्यांदा मांजर त्या चादरीवर फिस्कारेल, मग लांबून वास घेईल, आणि एखाद्या दिवशी तिच्यावरच झोपलेलं सापडेल, तेव्हा पुढे जायचं.

याच दिवसांत बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण द्या. आधी दारापासून चार-पाच फूट लांब, मग रोज थोडं थोडं जवळ. कुत्रा दार खरवडायला लागला, फटीत नाक घालून जोरात श्वास ओढायला लागला आणि जेवण विसरला, म्हणजे भांडं फार जवळ आलंय, मागे न्या. मधे एकदा कुत्र्याला बाहेर फिरायला पाठवून मांजराला सगळं घर हुंगू द्या.

४. पहिली नजरानजर

बेबी गेट किंवा जाळीचं दार असेल तर उत्तम, नसेल तर दार चार बोटं उघडून अडकवून ठेवा. कुत्र्याला आधी चांगला तासभर फिरवून आणायचं, दमलेला कुत्रा अर्धं काम सोपं करतो. तो पट्ट्यावर, तुमच्या हातात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे. त्याने मांजराकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं की तुकडा द्यायचा. पाच मिनिटं झाली की बंद, चांगलं चाललंय म्हणून ताणत बसू नका.

इथे सगळं लक्ष कुत्र्याच्या तोंडावर ठेवा. हा हा करत धापा टाकणारा कुत्रा अचानक तोंड मिटतो, अंग ताठ होतं, मान थोडी खाली येते, पापणी लवत नाही आणि नाव घेतलं तरी कान तुमच्याकडे वळत नाही. हा आवाज न करणारा कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण तो शिकारीच्या मूडमध्ये गेलाय. ओरडू नका, पट्टा धरून शांतपणे लांब न्या. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे हेही खरं नाही, ताठ उभं धरलेलं शेपूट भराभर हलत असेल तर तो तापलेला आहे, कंबरेपासून सगळं अंग हलत असेल तर मजेत आहे. ओठ चाटणं, जांभया देणं, तोंड फिरवणं म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होतंय.

मांजराचं उलटं. शेपूट सपासप आपटतंय म्हणजे वैतागलंय, कान मागे चपटे म्हणजे घाबरलंय, आणि शेपूट सरळ वर, टोक किंचित वाकलेलं, म्हणजे सगळं छान. दोघांमधल्या अर्ध्या भांडणांचं मूळ हेच आहे, एकाचं शेपूट दुसऱ्याला कळत नाही.

५. एकाच खोलीत

कुत्रा पट्ट्यावरच. मांजर मोकळं, आणि त्याला वर जायला जागा हवीच, कपाट, शेल्फ, माळा काहीही. मांजराला कडेवर घेऊन भेट घडवायची नाही, ते घाबरलं तर तुमच्याच खांद्यावरून चढून जातं. कुत्रा पाठलाग करतो तो बहुतेक वेळा मांजर पळालं म्हणून, त्यामुळे त्याच्याकडून "बस" आणि "सोड" आधीच पक्कं करून घेतलेलं बरं. मांजराने नाकावर एक चापट दिली तर देऊ दे, लगेच रागवू नका.

काही आठवडे शांततेत गेले की पट्टा नुसता जमिनीवर सोडून बघा. तुम्ही घरात नसताना मात्र त्याच्यानंतरही बरेच दिवस दार बंदच.

काही कुत्र्यांना हे जमतच नाही. रोज फिरायला गेल्यावर मांजरामागे वेड्यासारखा धावणारा मोठा कुत्रा आणि महिन्याभराचं पिल्लू, ही जोडी मी तरी लावणार नाही. पिल्लासाठी दुसरं घर शोधा.

६. रोजचं

जेवण वेगळं. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते कुत्र्यांच्या खाण्यात पुरेसं असेलच असं नाही, त्यामुळे पेडिग्रीवर मांजर वाढवू नका. दूध-भातावर तर नाहीच, बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. कुत्रा लिटरमधली शी खाणार, किळस आली तरी हे घडतं, म्हणून ट्रे तो पोचणार नाही अशा जागी ठेवा.

पावसाळ्यात कुत्र्याला गोचिडाचं औषध मानेवर टाकता, त्यात परमेथ्रिन आहे का ते पाकिटावर वाचा. ते मांजराला विषारी आहे, कुत्र्याच्या अंगाला घासून किंवा त्याला चाटूनही बाधतं. तसंच पॅरासिटामॉल, मांजराला त्याची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते, ताप आलाय असं वाटलं म्हणून घरातलं काही देऊ नका.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून टाका, उशीर केला तर मादी तेवढ्यातच गाभण राहू शकते. आणि बोका असेल तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि शू थेंबभरच येतेय, तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजू नका. लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो आणि दिवस-दोन दिवसांत जीव जातो, रात्रीचे दोन वाजले असले तरी उघडा दवाखाना शोधून निघा.