दंत-इम्प्लांट आपल्याला चालेल का, हे कसे ठरवावे

दात काढून झाला की खुर्चीतून उठण्याआधीच “इथे आता इम्प्लांट करून घ्या” हे वाक्य कानावर पडते, आणि घरी पोहोचेपर्यंत डोक्यात फक्त खर्चाचा आकडा फिरत राहतो. खर्चाचा विचार करावाच, पण आपले शरीर, आपला जबडा आणि आपल्या सवयी यांना इम्प्लांट मानवेल का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्याचे बरेचसे उत्तर दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी घरच्या घरी गोळा करता येते.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर नंतर जोडणीचा तुकडा आणि कॅप बसते. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण बाहेर काढता येईना, कारण हाडाने ते घट्ट धरले होते. त्याच निरीक्षणाच्या आधारे त्यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. म्हणूनच खाली सांगितलेली प्रत्येक तपासणी दोनच गोष्टींसाठी आहे: हाड स्क्रूला धरेल का, आणि धरल्यावर वर्षानुवर्षे धरून ठेवील का.

पहिली पायरी : औषधांची पूर्ण यादी

घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत, आणि गेल्या पाच-सात वर्षांत घेतलेली इंजेक्शने व सलाईन कागदावर लिहावीत. हे दुसरे काम बहुतेकांकडून राहून जाते. माझ्या मावशीने रक्तदाबाच्या गोळीपासून कॅल्शियमपर्यंत सगळे सांगितले, पण वर्षातून एकदा लावले जाणारे “हाडांचे सलाईन” सांगितले नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हते. ‘एकदा लावले की वर्षभर बघायला नको’ असा तिचा हिशेब होता. नेमके तेच विचारायचे असते. ठिसूळ हाडांसाठी दिले जाणारे झोलेड्रॉनिक अॅसिड, आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी आणि सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन यांमुळे हाडाची झीज-भर मंदावते, आणि क्वचित शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडते. ठिसूळ हाडांसाठीच्या मात्रेत हा धोका कमी असतो, त्यामुळे इम्प्लांट सरसकट बाद होत नाही. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत चालू असतील तर मात्र ते सहसा टाळतात. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. डेनोसुमॅब मध्येच सोडल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचेही तसेच आहे. ती चालू ठेवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचे असते. हृदयविकाराचा झटका येऊन सहा महिने झाले नसतील तर थांबावे. हृदयाची कृत्रिम झडप असेल, किंवा डोक्या-मानेला रेडिएशन दिलेले असेल (मग ते वीस वर्षांपूर्वीचे का असेना), तर ते आपण होऊन सांगावे. गर्भारपणात हा विषय बाळंतपणानंतरसाठी ठेवावा.

दुसरी पायरी : साखर

मधुमेह असल्यास सकाळची उपाशीपोटीची साखर पुरेशी नाही, कारण तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड टाळून ती आटोक्यात दाखवता येते, आणि आपण सगळेच ते करतो. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी, करून घ्यावी. आकडा ७ च्या आसपास असेल तर मधुमेह ही अडचण राहत नाही. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी आणि मग इम्प्लांट करावे, असाच सल्ला बहुधा मिळतो. अनियंत्रित साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

वयाबद्दल गैरसमज उलटा आहे. सत्तरी उलटली म्हणून इम्प्लांट नाकारले जात नाही. नाकारले जाते ते पंधरा वर्षांच्या मुलाला, कारण जबडा वाढत राहतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात आणि इम्प्लांट जागेवरच राहून हळूहळू आखूड दिसू लागते. मुलींनी साधारण १८ आणि मुलांनी २०-२१ वर्षांपर्यंत थांबावे.

तिसरी पायरी : आरशासमोर पाच मिनिटे

तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावी. तीन बोटे जात असतील तर तोंड पुरेसे उघडते. दोनच जात असतील, तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिलचे हत्यार नेणेच अवघड होते. सुपारी, गुटखा किंवा खर्रा खाणाऱ्यांत गालाच्या आतले अस्तर कडक होऊन तोंड आक्रसत जाते. या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून अशा वेळी इम्प्लांट बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

मग ब्रश करताना रक्त येते का, एखादा दात हलतो का, हिरडी दातापासून सुटली आहे का, हे पाहावे. ज्या हिरड्यांच्या रोगाने दात गेला तोच रोग इम्प्लांटभोवतीचे हाडही खातो. आधी स्केलिंग (दातांवरचा कडक थर खरवडून काढणे) व हिरड्यांचे उपचार, मग काही महिने स्वच्छता टिकते का याची पाहणी, आणि त्यानंतरच स्क्रू, असा क्रम असावा. ज्याला रोज दात घासणेच आवडत नसेल त्याने हा खर्च करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

तंबाखूविषयी विचारल्यावर “नाही” म्हणणारी माणसे रोज मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते, तेव्हा तीही सांगावी. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी आणि नंतर आठ आठवडे पूर्ण बंद, असा एक जुना संकेत आहे. कायमची सुटली तर फारच उत्तम. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर घरातल्या कोणाला तरी विचारून ठेवावे. त्यामुळे इम्प्लांट रद्द होत नाही, पण झोपताना घालायचे संरक्षक कव्हर लागते.

चौथी पायरी : हाडाचे माप

येथून पुढचे काम दंतवैद्याचे. तो अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रिकाम्या जागेची हिरडी धरून दाबतो, तेव्हा हाड रुंद आहे की सुरीच्या पात्यासारखे निमुळते झाले आहे याचा अंदाज येतो. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून “नंतर बघू” हे वाक्य महाग पडते.

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, म्हणजे ओपीजीवर, उंची कळते पण रुंदी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन लागतो. त्याचे आकडे समजून घेणे अवघड नाही. ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही अंगांना हाड हवे, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटर रुंदी. शेजारच्या दातांपासून दीड-दीड मिलिमीटर अंतर, म्हणजे दोन दातांमध्ये ७ मिलिमीटर फट. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्या वर २ मिलिमीटर राखून ठेवतात. म्हणून १० मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटसाठी नसेच्या वर १२ मिलिमीटर हाड पाहिजे. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि दाढ गेल्यावर ती खाली उतरते. तेथे हाड ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असेल तर सायनसचा तळ उचलून हाडाची भर घालतात, आणि उपचार काही महिन्यांनी लांबतो.

पाचवी पायरी : उत्तर नीट ऐकणे

“होय” आणि “नाही” यांपेक्षा “आत्ता नाही” हेच उत्तर जास्त वेळा मिळते, आणि ते मिळाले तर किती काळ थांबायचे व तोवर काय सुधारायचे हे लिहून घ्यावे. औषधांची यादी न विचारता आणि स्कॅन न पाहता पहिल्याच भेटीत दर सांगितला गेला, तर दुसरीकडे मत घ्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये किंवा मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय येथेही तपासणी करून घेता येते. स्कॅनची फाईल मात्र मागून स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे तोच खर्च पुन्हा होत नाही.

उत्तर खरोखरच “नाही” असेल तर शेजारच्या दातांवर ब्रिज किंवा काढता-घालता येणारी कवळी हे पर्याय उरतातच. आणि खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला दहा-बारा इम्प्लांट लागतात असेही नाही. हाड बरे असेल तर पुढच्या भागात दोनच बसवून त्यांवर कवळी अडकवली, तरी भाकरी चावताना ती उचलली जाणे बंद होते.