रेस बाईकच्या टीचा ऑफसेट कसा ठरवायचा

कुडाळहून कोईमतूर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर बाईक न्यायची म्हणजे टेम्पोचं भाडं, रात्रभर प्रवास आणि तिथे गेल्यावर हातात जेमतेम दोन दिवस, त्यामुळे तिकडे जाऊन अंदाजाने स्पॅनर फिरवण्यापेक्षा घरच्या पडवीत नीट मोजून निघालेलं परवडतं. ऑफसेटच्या बाबतीत तर फारच, कारण टी काही दर सेशनला बदलायची वस्तू नाही.

टी म्हणजे दोन्ही फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन नळ्या, धरून ठेवणारा वरचा आणि खालचा तुकडा. हँडल ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्याच्या सेंटरपासून फोर्कच्या सेंटरपर्यंत, दांड्याला काटकोनात, जे पुढचं-मागचं अंतर, तो ऑफसेट. बरेच जण इथे उलटं समजतात म्हणून आधीच सांगतो, ऑफसेट कमी केला की ट्रेल वाढतो. ट्रेल म्हणजे मधल्या दांड्याची रेषा सरळ खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे लागते, तिथून मागे टायर जमिनीला टेकतं तिथपर्यंतचं अंतर. हँडलला जे कळतं, पुढचं चाक सरळ धरून ठेवतं, ते या ट्रेलमुळे.

माझं काय झालं सांगतो. बाईक वळणात लवकर पडावी, म्हणजे कलावी, म्हणून मी फोर्क टीमधून ८ मिमी वर ओढले, म्हणजे बाईक पुढून खाली आली. पडायला लागली मस्त, पण ब्रेक सोडून वळणाच्या मध्यावर आलो की पुढचं टायर काय करतंय तेच हाताला लागेना, आणि एकदा काही न सांगता पुढून सरकली. मी लगेच नवी टी बनवायची म्हणून लेथवाल्या काकांकडे गेलो तर ते म्हणाले, "आधी किती आसा तां मोज, मगे माका सांग."

तर मोजायचं असं. बाईक सपाट लादीवर दोन्ही चाकं टेकवून उभी करा, पॅडॉक स्टँडवर नको कारण मागून उचलली की कोन बदलतो, एकाने सीटवरून सरळ धरायची. अ‍ॅक्सलच्या सेंटरपासून जमिनीपर्यंतची उंची घ्या. मग अँगल गेज फोर्कच्या नळीला लावा, पण त्याआधी लादीवर ठेवून झीरो करा, पडव्यांना पाणी जायला उतार दिलेला असतोच. उभ्या रेषेपासून किती कललाय तो रेक. ऑफसेटसाठी वरच्या टीच्या अगदी खाली दोन्ही नळ्यांना पुढून एक सरळ पट्टी टेकवा, पट्टीपासून मधल्या नटच्या सेंटरपर्यंत अंतर घ्या आणि त्यातून नळीची अर्धी जाडी वजा करा. माझं ५०.५ आलं, नळी ४१ ची, म्हणजे २०.५ गेले, ऑफसेट ३० मिमी. अ‍ॅक्सल नळीच्या पुढे बसवलेला असेल तर तेवढं अंतर त्यात मिळवायचं.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून, अ‍ॅक्सलची उंची गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट वजा, आलेल्या उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा. माझी उंची २९० आणि मूळ रेक २४, म्हणजे ट्रेल ९६.३ मिमी. फोर्क ८ वर ओढल्यावर रेक साधारण २३.७ झाला आणि ट्रेल ९४.५. दोन मिमीसुद्धा नाहीत, पण ब्रेकखाली पुढचं बसतं, मागचं उठतं आणि ट्रेल अजून घटतो, तिथे तेवढे दोन मिमी हाताला जाणवतात. मग त्याच २३.७ वर २८ ची टी धरून बघितली तर ९६.७, म्हणजे बाईक पुढून खाली ती खालीच राहिली आणि ट्रेल जवळपास मूळचा परत मिळाला.

म्हणून माझं ठाम मत, आधी बाईकची पुढची उंची ठरवा, ऑफसेट नंतर. फोर्क खालीवर केला की रेक, वजन आणि ट्रेल तिन्ही एकदम हलतात, ऑफसेटने मुख्यतः ट्रेल हलतो, १ मिमीला साधारण १.१. पुढचं हलकं, मुकं लागत असेल तर कमी ऑफसेटची टी बघा, आणि एका वळणातून दुसरीकडे टाकताना दंड भरून येत असतील तर जास्तीची. एकदम ५-६ मिमीची उडी नको, २-२ ने जा.

पण त्याआधी बॉल रेसर, म्हणजे मधला दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग, तपासा. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ग्रीस धुवून जातं, बॉलना गंज चढतो आणि मधोमध खाच पडते, मग हँडल तिथेच अडकतं आणि माणूस उगाच ऑफसेटला दोष देतो. पुढचं चाक उचलून एका बोटाने हँडल या टोकाहून त्या टोकाला फिरवा, कुठे अडता कामा नये.

टी घेताना वरची आणि खालची एकाच ऑफसेटची जोडी घ्या, चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, काढलेली. वेल्डिंग करून जुनी टी सरकवणं किंवा ओतीव टी बनवणं अजिबात नको, ब्रेकचा सगळा भार तिच्यावर येतो. तुमच्या क्लासच्या नियमात टी बदलायला परवानगी आहे का तेही आधी वाचा.

बसवल्यावर एक बारीक गोष्ट, ऑफसेट २ ने कमी केला की पुढून बाईक ०.८ मिमी उचलली जाते, म्हणून फोर्क अजून १ मिमी वर घ्या. चाकही मागे येतं, तेव्हा स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर रेडिएटरला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागत नाही ना बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, नळी टाकीला आपटते का, अंगठा चेपतो का, ब्रेकचा पाइप ताणतो का. आणि ट्रॅकवर पहिल्या सेशनला दुसरं काही बदलू नका, टायरची हवासुद्धा आधीच्याच आकड्यावर ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.